लाल रंगाचे चौदा हजार, मग बाकीचे कशाचे?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं असं की जुन्या गाडीला नुसता रंग मारायला अडीच-अडीच लाख घालणं म्हणजे पैशाचा माज आहे, तेवढ्यात धडधाकट सेकंडहँड गाडी येते, आणि कुठल्याही गॅरेजमध्ये चाळीस हजारात फुल बॉडी पेंट होतो. मी त्या अडीच लाखवाल्यांपैकीच एक. राग नाही आला, खरंच, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच बोलायचो आणि त्याचीच भरपाई आता करून राहिलो आहे, म्हणून म्हटलं एकदा सगळा हिशोब मांडावा.

आमची गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, १९६८ ची. दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९६२ ते १९८० या काळात बनायची. डिझाइन मिकेलॉटी या इटालियन माणसाचं, आणि ट्रायम्फचीच हेराल्ड ही गाडी आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवायची, त्यामुळे बाबांनी ही घेतली तेव्हा नागपूरच्या मिस्त्रींना ती फार परकी वाटली नाही, पुढचं सस्पेन्शन बघून ते म्हणायचे अरे ही तर हेराल्डची बहीण. बाबा मला आणि ताईला मध्ये कोंबून फुटाळा तलावावर न्यायचे. बाबा गेले, गाडी शेडमध्ये राहिली.

२०११ मध्ये मी तिला रंग मारून घेतला. एका गॅरेजवाल्याने अठरा हजार सांगितले, मी घासाघीस करून सोळावर आणलं आणि घरी येऊन बायकोला अभिमानाने सांगितलं. आठ दिवसांत गाडी हातात, चकाचक लाल, चेहरा दिसेल असा. दोन पावसाळे गेले आणि मागच्या चाकाच्या वर बारीक फोड आले, मग दाराखाली, मग दार लावताना कुलपाजवळ अडकायला लागलं. दोन बोटांनी उचलून धरल्याशिवाय लागायचंच नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या पेंटरकडे नेली. वय साठीच्या पुढे, आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेलं. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. खिशातून लोहचुंबक काढलं आणि दाराखालच्या पट्टीला, ज्याला सिल म्हणतात, तिथे लावून सोडून दिलं. खाली पडलं. चार बोटं पुढे लावलं, पुन्हा पडलं. पूर्ण डावी बाजू अशी गेली, एका जागी जेमतेम चिकटलं. म्हणाले, "भाऊ, रंग तर मी दोन दिवसांत मारून देतो, पण मारू कशावर? इथं पत्राच नाही राहिला, नुसती लप्पी आहे." लप्पी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. मग स्क्रॅपरने टोकरलं तर तिचा बोटभर जाड तुकडा निघाला, आणि त्याच्या मागे, पोकळीत, चुरगळून कोंबलेला कागद. वर्तमानपत्र, संपादक साहेब, मराठी वर्तमानपत्र, २०११ चं, ओलं होऊन काळं पडलेलं पण तारीख वाचता येत होती. भोक बुजवायला कागद कोंबायचा, वरून लप्पी लावायची, घासायची, रंग मारायचा. कागद पाणी धरून ठेवतो, आणि पत्रा आतून खात जातो. मी सोळा हजार देऊन माझ्या बाबांच्या गाडीत गंज भरून घेतला होता.

आणि स्पिटफायरमध्ये सिल म्हणजे शोभेची पट्टी नाही. हेराल्डच्या चेसिसला बाहेरून लोखंडी रेल असते, स्पिटफायरला ती दिलेलीच नाही, तिथे सिलच भार घेतं. वर छत नाही. त्यामुळे सिल सडलं की गाडी मधून खाली वाकायला लागते, म्हणूनच ते दार अडकत होतं. जुनं सिल नुसतं कापून काढलं तर बॉडी आणखी वाकते आणि त्याच वाकलेल्या स्थितीत नवीन वेल्ड झालं की मग दार आयुष्यभर नीट लागत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून ती ताठ धरायची, मग एकच बाजू कापायची, ती पूर्ण करायची, दार लावून फट बघायची, मगच दुसरी बाजू. माझ्या पेंटरकाकांच्या डेंटरने, जो त्यांचाच भाचा आहे, हे काम सहा आठवडे केलं. हिंगणा एमआयडीसीत वीस गेजचा सीआरसी, म्हणजे कोल्ड रोल्ड लोखंडी पत्रा बेंडिंग मशीनवर वळवून आणला, सीओटू वेल्डिंगने टाके टाके मारत बसवला, एकदम लांब वेल्ड ओढला की पातळ पत्रा तापून लाटांसारखा होतो. दुपारी चार वाजता मी जायचो तेव्हा तो दार लावून उघडून लावून उघडून बघत असायचा, फटीत एका जाडीची पट्टी वरपासून खालपर्यंत सरकवत. एका जागी पट्टी अडली तर पुन्हा दोन दिवस.

तर आता हिशोब. एकूण २,६०,००० ठरले. काचा, क्रोम, रबर, लाइट, सीट उतरवणं आणि शेवटी परत बसवणं ३०,०००. जुना रंग पत्र्यापर्यंत काढणं २५,०००. पत्राकाम ८५,०००. सगळं मटेरिअल ६०,०००, म्हणजे इपॉक्सी प्रायमर (पत्र्यावरचा पहिला थर), सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर), हार्डनर (रंग कडक करणारं रसायन), थिनर, ८० नंबरपासून २००० नंबरपर्यंतचे घासायचे पेपर, टेप, आणि रंग. आणि घासाई, फवारणी, पॉलिश मिळून मजुरी ६०,०००. त्या ६०,००० च्या मटेरिअलमध्ये लाल रंग किती, तर १४,००० चा. बघणाऱ्याला जे दिसतं ते फक्त एवढंच आहे काका. बाकी २,४६,००० रंगाच्या खाली जाऊन बसतात आणि कधीच कोणाला दिसत नाहीत, आणि चाळीस हजारवाला नेमकं हेच खालचं सोडून देतो. चाळीस हजारात रंग होतो हे तुमचं खरं आहे. रोजच्या वापरातल्या, पत्रा शाबूत असलेल्या गाडीला तो ठीकही आहे, पाच वर्षांनी विकायचीच असते. साठ वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीला नाही.

रंग कोणता यावरही बरीच चर्चा झाली. जुन्या पद्धतीचा रंग म्हणजे सेल्युलोज, आपल्याकडे ज्याला लोक ड्यूको म्हणायचे. तो नुसता थिनर उडून वाळतो, थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक वेळी घासावं लागतं आणि दमट हवेत मारला तर पांढरट पडतो. मी पीयू म्हणजे पॉलियुरेथेन घेतला, हार्डनर घालून मारायचा, पण वर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, न देता, कारण क्लिअरच्या खाली तो जुना लाल प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो असं माझं ठाम मत आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी दोन गाड्या उन्हात शेजारी उभ्या करून बघाव्या.

या हार्डनरबद्दल मात्र तुमच्या पेपरमधून लोकांना कळायलाच पाहिजे. त्यात आयसोसायनेट असतात, फवारताना ते श्वासात जातात आणि त्यातून पेंटरला दमा लागू शकतो, एकदा लागला की मग थोडासा वास सुद्धा सहन होत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, नळीचा. आपल्याकडे पोरं तोंडाला रुमाल बांधून फवारतात! पेंटरकाका स्वतः तीस वर्षं रुमालावरच होते, आता जिना चढताना मध्ये थांबतात. मी त्यांना म्हटलं मास्कचे पैसे वेगळे देतो, तर ते लाजले, म्हणाले आजवर कोणत्या गिऱ्हाईकानं असं विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण २०११ मध्ये मी दोन हजार कमी करून घेतले होते ते कोणाच्या तरी अशाच मजुरीतून गेले असतील.

ही माणसं आता किती राहिली? आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे ट्रेड आहेत, पण भाचा सांगतो की शिकून आलेला पोरगा शोरूमच्या वर्कशॉपला जातो, तिथे पत्रा ठोकत बसत नाहीत, पॅनल बदलतात. त्यात त्याचं चूक काय, तिथे पगार वेळेवर आहे. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पत्रा वळवणारा माणूस गिऱ्हाईकाच्या घासाघीशीवर जगतो, तो का पोराला या धंद्यात घालेल?

सध्या गाडी इपॉक्सी प्रायमरमध्ये उभी आहे, राखाडी. साधा सरफेसर हवेतलं पाणी ओढतो, इपॉक्सी ओढत नाही, म्हणून पावसाळाभर तिला यातच ठेवलं. तान्हा पोळा होऊन गेला तरी नागपुरात अजून दमटच आहे. मे महिन्यात तर पंचेचाळीसच्या उन्हात फवारा पत्र्यावर पडायच्या आधीच वाळतो, त्यामुळे आमचा मुहूर्त दिवाळीनंतर, थंडी पडली की. पहाटे शेडच्या जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची आणि ऊन वर यायच्या आत कोट संपवायचे, असं पेंटरकाकांचं ठरलं आहे.

तर पत्र लिहिणाऱ्या काकांना माझी मनापासून विनंती, की माझा पत्ता संपादकांकडे आहे, दिवाळीच्या आधी एकदा या. आता प्रायमरमध्ये आहे तोवर सिलचे टाके दिसतात, दाराची फट हात लावून बघता येते, आणि तो कागद मी एका पिशवीत ठेवला आहे तोही दाखवतो. लाल मारल्यावर या म्हणणार नाही, तेव्हा बघण्यासारखं फक्त चौदा हजारांचंच उरलेलं असेल.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर