पडद्यावर जे दाखवले नाही : लेकीस पत्र

सांगली

चि. रेवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वसतिगृहाच्या चित्रपट मंडळाची यंदाची निवड तुझ्याकडे आली, हे वाचून मला अतिशय आनंद झाला. तू विचारले आहेस की मारधाडीचे, विनोदी, भयपट, न्यायालयीन, संतपट असे सर्व प्रकारचे चित्रपट दाखवायचे ठरले, तर त्या त्या प्रकारातला चांगला चित्रपट ओळखायचा कसा. आणि तुझ्या मैत्रिणी म्हणतात त्याप्रमाणे काही प्रकार मुळातच हलके असतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. हलका प्रकार कोणताही नसतो. माणसांना हसवणे किंवा घाबरवणे हे रडवण्याइतकेच अवघड काम आहे, आणि ते ज्याला साधते त्याच्यासमोर मी मान लववते. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की दिग्दर्शकाने काय दाखवायचे टाळले ते शोधत जा. कोणत्याही प्रकारातला जो चित्रपट मला वर्षानुवर्षे पुरला आहे, त्यात काहीतरी मोठे आणि महत्त्वाचे जाणीवपूर्वक पडद्याबाहेर ठेवलेले आहे.

मारधाडीच्या चित्रपटापासून सुरुवात करते, कारण तिथे सगळे काही उघड दाखवले जाते असा समज आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ तू दूरचित्रवाणीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला आहेस. तो आता सलग, मोठ्या पडद्यावर पाहा. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात गोळी लागलेली माणसे कोसळताना चित्र मधेच गोठते, अंगणातला झोपाळा करकरत राहतो, शेवटी उरलेल्या लहान मुलावर गब्बर बंदूक रोखतो, आणि गोळीच्या आवाजासरशी आपण थेट रेल्वेगाडीपाशी येऊन पोहोचतो. त्या मुलाचे काय झाले हे आपल्याला कोणी दाखवत नाही आणि ते विसरताही येत नाही. इमामसाहेबांच्या अहमदचा मृत्यूही तसाच आहे. गब्बर आडवा पडून हातावर चालणाऱ्या मुंगीकडे पाहतो, तिला चिरडतो, आणि त्यानंतर घोडा त्या मुलाचे प्रेत घेऊन गावात येतो. या चित्रपटाला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, आणि तो संकलक एम. एस. शिंदे यांना मिळाला, ही गोष्ट मला मनापासून योग्य वाटते. हल्लीच्या मारधाडपटांत रक्ताची चिळकांडी संथगतीने चारी बाजूंनी दाखवतात आणि प्रेक्षक त्या वेळी मोबाईल पाहत असतो. ‘शोले’तल्या त्या मुंगीच्या वेळी अख्खे चित्रपटगृह श्वास रोखून बसते.

तो अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर, आणि पुढे १९८८ मध्ये त्याच्याच दिग्दर्शनाखाली ‘अशी ही बनवाबनवी’ आला. वसंत सबनीसांच्या लेखनाचा हा चित्रपट हिंदीतल्या ‘बीवी और मकान’च्या मूळ कल्पनेवर उभा असला तरी पुण्यातली भाड्याच्या खोलीची वणवण, खाष्ट घरमालक आणि नोकरीधंद्यासाठी आलेल्या तरुणांची कुचंबणा ही त्याची स्वतःची कमाई आहे. तुझ्या मैत्रिणींना तो पाठ असेल, तरीही तो निवड, आणि या वेळी संवादांवर न हसता प्रत्येक प्रसंगात कोणाला काय माहीत नाही एवढेच मनात नोंदवत पाहायला सांग. विनोदी चित्रपटात दिग्दर्शक प्रेक्षकापासून काही लपवत नाही, तो पात्रापासून लपवतो. खोली मिळावी म्हणून बाईचे सोंग घेतलेले सुधा आणि पार्वती खरे कोण आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, घरमालकीण लीलाबाईंना ठाऊक नाही, आणि त्या जितक्या मायेने पार्वतीची काळजी घेतात तितकी आपली हसून पुरेवाट होते. अशोक सराफ औषधाच्या सत्तर रुपयांबद्दल बोलतात त्या प्रसंगात त्यांचा चेहरा पाहा. तिथे हशा मागण्याचा कोणताही प्रयत्न नाही. एखादी दुःखद वार्ता सांगावी इतक्या गांभीर्याने ते बोलतात. नट स्वतः हसला की प्रेक्षकाचे हसणे संपते, हे त्या पिढीला रंगभूमीने शिकवले होते. विनोदाला दुय्यम मानणाऱ्या मैत्रिणीला एवढेच विचार, की हा चित्रपट इतक्या वर्षांनी पाठ असूनही लोक पुन्हा का लावतात.

भयपटांत माझी निवड ‘तुंबाड’ आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा त्याला पुरेसे प्रेक्षक लाभले नाहीत, आणि २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहे भरली, याचे मला विलक्षण समाधान वाटते. तो हिंदीत असला तरी त्याचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण करून देते, आणि त्यामागे नारायण धारपांच्या कथांची प्रेरणा आहे. कथा १९१८ मध्ये सुरू होते आणि १९४७ पर्यंत जाते. पहिल्या भागात बंद दाराआड साखळदंडाने जखडलेली एक म्हातारी आहे. तिला वेळेवर जेवू घालावे लागते, आणि ती जागी झाली तर हस्तर या लोभी देवाचे नाव घ्यायचे असते. बराच वेळ आपण तिला नीट पाहतही नाही. आपल्याला दिसते ती आईच्या चेहऱ्यावरची धास्ती, दिसतो तो सतत कोसळणारा पाऊस आणि ऐकू येतात साखळ्या. पंकज कुमार यांचे छायालेखन असे आहे की ओल भिंतीतून आपल्या अंगात उतरते. माझ्या मते हस्तर अखेरीस पुष्कळ संख्येने दिसतो तिथे भीती थोडी उणावते, आणि चित्रपटाचा सर्वांत भयंकर क्षण तो नाहीच. बाप मुलाला हस्तरच्या विहिरीत उतरायला शिकवतो आणि मुलगा बापाहून अधिक लोभी निघतो, तो खरा भयंकर क्षण. एरवी भयपट आपल्याला बाहेरच्या कशाला तरी घाबरवतात. इथे भय त्या घराण्यातच वाढते आणि वारशाने पुढे जाते.

न्यायालयीन चित्रपटांसाठी मला दोन संध्याकाळी हव्या आहेत. पहिल्या संध्याकाळी सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) दाखव. एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, बारा पंच एका खोलीत बसून निर्णय घेत आहेत, आणि जवळजवळ संपूर्ण चित्रपट त्याच खोलीत घडतो. खून आपण पाहत नाही, साक्षीदार पाहत नाही, मुलाचा चेहराही सुरुवातीला क्षणभरच दिसतो. त्यामुळे तो दोषी आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि पंचांपैकी प्रत्येकाचे मत बदलताना आपण स्वतःचेही तपासू लागतो. तू अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असल्यामुळे तुला आवडेल अशी एक बाब सांगते. ल्युमेटने पहिला तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वर कॅमेरा ठेवून चित्रित केला, मधला पातळीवर, आणि शेवटचा पातळीच्या खालून, त्यामुळे अखेरीस छत दिसू लागते. शिवाय तो क्रमाक्रमाने अधिक लांब पल्ल्याची भिंगे वापरत गेला, त्यामुळे भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या वाटतात. खोली तेवढीच आहे, आपला जीव मात्र कोंडत जातो. हिंदीत बासू चटर्जींनी केलेला ‘एक रुका हुआ फैसला’ही चांगला आहे, मुलींना इंग्रजी संवादांची अडचण असेल तर तो लाव.

दुसऱ्या संध्याकाळी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) दाखव. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या या चित्रपटात नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो, कारण त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली असा आरोप आहे. तो कामगार आपल्याला कधीही दिसत नाही. त्याचे आयुष्य त्याच्या पत्नीच्या थोडक्यात दिलेल्या साक्षीतून समजते, आणि तिच्या त्या थकलेल्या, कोरड्या उत्तरांतून गटारात उतरण्याच्या कामाबद्दल जे कळते ते एखाद्या भाषणातून कळले नसते. कॅमेरा दूर, स्थिर उभा असतो. कोणाकडे पाहायचे हे तो सांगत नाही, त्यामुळे पहिली वीस मिनिटे मुली चुळबुळ करतील. त्यांना तशीच बसू दे. सरकारी वकीलबाई दिवसभर त्या वृद्ध शाहिराला तुरुंगात धाडण्याची बाजू मांडतात आणि घरी येऊन मुलांसाठी स्वयंपाक करतात. गीतांजली कुलकर्णी यांनी ती भूमिका इतकी खरी केली आहे की आपल्याला त्या बाईचा रागही धड करता येत नाही. वीरा साथीदार यांचा शाहीर तर मी जन्मभर विसरणार नाही.

आता ज्या चित्रपटाबद्दल तू काहीच विचारले नाहीस त्याबद्दल लिहिते, कारण माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोठा आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा जुना, धार्मिक आणि म्हणून आजी-आजोबांचा असा ग्रह करून घेऊ नकोस. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, आणि मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात चमत्कार आहेत, आकाशातून विमान येते, आणि ते सगळे दामले-फत्तेलालांच्या तंत्रकौशल्यामुळे आजही डोळ्यांना सुखावते. परंतु तू पाहायचेस ते आवलीला. गौरी यांनी ती अशी उभी केली आहे की नटी नव्हे, देहूची एक कष्टकरी बाई अचानक पडद्यावर आली असे वाटते. घरात धान्य नाही, मूल तापाने फणफणले आहे, नवरा अभंगात दंग आहे, आणि ही बाई एका हाताने मुलाला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम तिच्यावर कधी रागावत नाही. तो तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्यात त्याचा वैराग्याचा अहंकार नाही, हे आपल्याला समजते. शेवटी वैकुंठाला निघालेला नवरा तिला बोलावतो, आणि ती स्वयंपाक सोडून जाण्यास तयार नसते. संतांचे मोठेपण दाखवायचे म्हणून संसाराला क्षुद्र ठरवणे या चित्रपटाने नाकारले, आणि त्यामुळे तो भक्तिपट असूनही भक्ती नसलेल्या प्रेक्षकालाही जिंकतो. ‘आधी बीज एकले’ हे त्यातले पद शांताराम आठवले यांनी लिहिले, आणि ते इतके अस्सल उतरले की अनेक जाणकारांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. आपल्या पुढच्या पुणे भेटीत प्रभात रस्त्यावरून जाऊ तेव्हा फिल्म इन्स्टिट्यूटचे आवार तुला दाखवीन. प्रभातचा स्टुडिओ तिथेच होता.

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांबद्दल मी कमी लिहिते, कारण ‘सैराट’ (२०१६) आपण दोघींनी एकत्र पाहिला आणि बाहेर आल्यावर आपण दोघीही बोललो नाही. शेवटच्या मिनिटांत सगळा आवाज काढून घेण्याचा निर्णय हा मराठी चित्रपटातल्या सर्वांत धाडसी निर्णयांपैकी एक आहे. दाराशी उभ्या असलेल्या त्या बाळाच्या तळव्यांना जे लागले आहे त्यावरून आत काय झाले ते आपण ओळखतो. तरी मंडळासाठी मी ‘फँड्री’ची शिफारस करीन. डुक्कर पकडण्यासाठी धावणारे कुटुंब राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते, त्या प्रसंगात हसू, लाज आणि संताप एकदम दाटून येतात. त्या कुटुंबातल्या जब्याने भिरकावलेला दगड अखेरीस थेट आपल्यावर येतो. तो चुकवण्यासाठी माझी मान खरोखरच मागे गेली होती.

मूकपटांतला एक हवाच. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) बोलपट रुळल्यानंतर आला आणि तरीही त्याने बोललेले शब्द वापरले नाहीत. मोटारीचे दार बंद झाल्याच्या आवाजावरून अंध फुलवाली त्या भटक्याला श्रीमंत समजते. आवाजाचा हा प्रसंग एका मूकपटात आहे, याहून मोठे कौतुक मी काय करू? अ‍ॅनिमेशनपटांत जपानच्या जिब्ली स्टुडिओचे ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ निवड. हे दोन्ही १९८८ मध्ये एकाच दिवशी, एका तिकिटात प्रदर्शित झाले होते. दुसरा युद्धात पोरक्या झालेल्या भावंडांचा आहे आणि फार जड आहे, म्हणून तो आधी आणि ‘टोटोरो’ नंतर लाव. मुलींना खोलीवर परतताना थोडी झोप लागली पाहिजे.

व्यवस्थेविषयी थोडे. सभागृहातला ध्वनी आधी तपासून घे, कारण झोपाळ्याची करकर आणि साखळ्यांचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धासुद्धा पोहोचत नाही. चित्रपटापूर्वी भाषण ठेवू नका. वर्ष, दिग्दर्शक आणि भाषा एवढे फळ्यावर लिहिले की पुरे. चर्चा चित्रपटानंतर लगेच न घेता दुसऱ्या दिवशी घ्या. पहिला शनिवार ‘बनवाबनवी’ला दे म्हणजे सभागृह भरेल, आणि ‘संत तुकाराम’ तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात, तुझ्यावर मुलींचा विश्वास बसल्यावर लाव. आवली देवळात जाते त्या प्रसंगी त्यांनी काय केले, ते मला सविस्तर कळव. पुढच्या महिन्यात तू घरी येशील तेव्हा यादीतून मी वगळलेल्या प्रेमपटांविषयी बोलू. त्या बाबतीत तुझ्या बाबांचे आणि माझे मत जुळत नाही, आणि त्यांनाही त्यांची बाजू मांडायची आहे.

बाबांचे आणि आजीचे तुला आशीर्वाद.

तुझी,
आई