असईचा हत्ती

प्रिय बाळ्या,

आपली शाळा दुसऱ्या शाळेत जाणार हे तू कळवलंस त्याला तीन महिने झाले. काय लिहावं सुचेना, म्हणून राहिलं. रागावला असशील. मी बरा आहे, गुडघा तेवढा थंडीत ठणकतो.

काल इथे इंग्लंडात न्यूकॅसलच्या संग्रहालयात घोडदळाचं दालन पाहिलं. काचेमागे पेराएवढा हत्तीचा बिल्ला आणि सोबत नाव, असई. बाळ्या, आपली असई! केळणा नदीजवळची! पाय तिथेच खिळले.

२३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर इंग्रजांच्या १९व्या लाइट ड्रॅगून्स या रिसाल्याने घोडी घातली, त्याचा हा मान. ‘आपण हरलो ते कशाला उगाळायचं?’ असं तू म्हणायचास आणि मी डोहात तुझं डोकं दाबायचो. अजूनही तू चूकच आहेस.

पण पुढचं ऐक. तो रिसाला १८२१ मध्ये मोडला. घोडी गेली, माणसं पांगली. १८५८ मध्ये कंपनीने बंगालमध्ये गोऱ्यांचा नवा रिसाला उभारला, त्याला पुढे १९ हा आकडा मिळाला आणि असईचा मानही. त्यातल्या कुणी केळणा पाहिलीही नसेल! १९२२ मध्ये त्यांना १५व्या हुसार्स या दुसऱ्या रिसाल्याशी जोडलं. १९९२ मध्ये हे १५/१९ आणि तसेच जोडलेले १३/१८ एक झाले, नाव पडलं लाइट ड्रॅगून्स. चारही आकडे पुसले, असई राहिली.

तेव्हापासून आपल्या शाळेचंच डोक्यात आहे. पोरं कमी म्हणून ती पलीकडच्या गावच्या शाळेत जाणार. ज्यांनी कबड्डीची आपली ढाल पळवली, त्यांच्यात! पोरं जातील, हजेरीपट जाईल. पण कडुनिंबाला घंटा म्हणून टांगलेला तो रुळाचा तुकडा? मधोमध खड्डा पडलाय बघ, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी ठोकून. भंगारवाला किलोवर नेईल. आणि नेला नाही तरी, ते लोक तो आपला म्हणून टांगतील का? नव्या रिसाल्याने परक्यांचा मान अंगावर घेतला म्हणून तो टिकला. नुसता कुणी जपून ठेवला असता तर कपाटातच राहिला असता.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? ताईच्या निकालाचं कळव.

तू तिकडच्या हेडमास्तरांना भेट. ढालीचा विषय काढू नकोस, पाया पडतो. रूळ बैलगाडीत घालून तूच घेऊन जा, आणि पहिला टोल त्यांच्याच एखाद्या पोराला देऊ दे.

तुझा,
दिग्या