विषय : वॉर्मरचा स्किन प्रोब. तक्रारीचं तिकीट ‘क्लोज्ड’, बिघाड चालूच

प्रति,
सेवा विभागप्रमुख

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. नवजात बाळाला वरून ऊब देणारा रेडियंट वॉर्मर तुम्हीच बनवता, तेव्हा त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही.

सर्व्हो मोड, म्हणजे कातडीवरचा प्रोब बाळाचं तापमान मोजणार आणि त्यावरून मशीन हीटर कमी-जास्त करणार. सेट 36.5 अंश. प्रोब पोटावर उजवीकडे, यकृताच्या जागी. हाडावर नाही, अंगाखाली दबलेला नाही, वर चकचकीत पॅच. पडद्यावर 36.5. काखेत थर्मामीटर लावला तर 38.2! प्रोब कमी वाचतो, मशीनला बाळ गार वाटतं आणि हीटर पेटलेलाच राहतो. अलार्म होत नाही, कारण मशीनच्या लेखी सगळं आलबेल.

दोष प्रोबचाच, हेही आम्हीच शोधलं. शेजारच्या वॉर्मरचा प्रोब लावला, मशीन बरोबर चाललं. मग दोन्ही प्रोब 37 अंशांच्या पाण्यात थर्मामीटरशेजारी धरले. एक 36.9, तुमचा 35.2. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आहे. मुंबईच्या दमट हवेत तो चढणारच. हे काम तुमच्या इंजिनिअरचं होतं. पण पाऊस होता म्हणे.

38.2 चं बाळ दिसलं की डॉक्टरांना आधी जंतुसंसर्गाची शंका घ्यावीच लागते. मग रक्ताचं कल्चर, अँटिबायोटिक, बाळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात), आई वॉर्डात, पहिलं दूध लांबणीवर. जास्त तापलेल्या बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, श्वासही थांबू शकतो.

आता तुमच्या प्रतिनिधीचं ज्ञान. पहिला प्रश्न, “प्लग लावलाय का?” मग, “बंद करून चालू करा.” मग, “सिस्टर प्रोब नीट लावत नसतील.” पाण्यातले आकडे वाचून दाखवले, तर म्हणतात, “तोवर हीटर कमी ठेवा आणि बाळाला ब्लँकेटमध्ये गुंडाळा ना, मॅडम.” वॉर्मरखाली ब्लँकेट! वरून येणारी उष्णता उघड्या कातडीवर पडावी म्हणून तर बाळाला नुसत्या लंगोटावर ठेवतात. गुंडाळलं तर ब्लँकेट तापेल. हे सांगितल्यावर थोडी शांतता, आणि मग, “प्रोब कंझ्युमेबल, म्हणजे वापरून बदलायची वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. अजून काही मदत करू शकतो का?” अजून? आधी कोणती केली होती? वर लगेच एसएमएस, सेवेला किती तारे देता.

तोवर मॅन्युअल मोड, हीटर हाताने कमी-जास्त करायचा. दर 15 मिनिटांनी अलार्म, दर 15 मिनिटांनी काखेतलं तापमान. नेमकी त्याच 15 मिनिटांनी बाळंतिणीची नाडी, रक्तदाब, गर्भाशय आवळलंय का, रक्तस्राव किती, हेही बघायचं असतं. रात्रपाळीची सिस्टर एक. तिने कोणाकडे धावायचं तेवढं तुमच्या प्रतिनिधीला विचारून कळवा.

बदली म्हणून पाठवलेला प्रोब जुन्या मॉडेलचा, पिनच बसत नाही. पार्सलच्या पोचपावतीवर सही झाली म्हणून तिकीट बंद! बसत नाही, पुन्हा लिहिते, बसत नाही.

शुक्रवारपर्यंत योग्य मॉडेलचे दोन प्रोब, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसह, आणि आमच्यासमोर थर्मामीटरशी ताडून दाखवणारा इंजिनिअर हवा. नाहीतर वाचनांच्या नोंदींसह, वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रामकडे अहवाल जाईल, आणि तुमच्या पुढच्या वॉर्मरचं कोटेशन, जे तुमच्या नावावर विश्वास ठेवून मागवलं होतं, परत जाईल. कॅटलॉगमध्ये ‘अचूक तापमान नियंत्रण’ ठळक छापलंय. नियंत्रण ज्याच्यावर चालतं तो प्रोब कंझ्युमेबल आहे हेही तिथेच छापा.

प्रभारी परिचारिका, प्रसूती विभाग
मुंबई