सूचना : ऑफिसनंतरचं बॅडमिंटन

सभासदहो, मंगळवारी आणि गुरुवारी ७ ते ८ कोर्ट आपलं आहे. ऑफिसातली चिडचिड घेऊन थेट स्मॅश मारायला उभे राहू नका. ताणात खांदे आखडलेले असतात, मूठ आवळलेली असते. रॅकेट घट्ट धरली की मनगट फिरत नाही, शटल जाळीत जातं आणि राग आणखी चढतो. फोन सायलेंट करून बॅगेत टाका. ८-१० मिनिटं हलकं धावून खांदे-घोटे मोकळे करा, मग ५ मिनिटं नुसते क्लिअर (शटल उंच, मागच्या रेषेपर्यंत) आणि ड्रॉप (जाळीपलीकडे अलगद), गुण न मोजता. रॅकेट हात मिळवतो तशी सैल धरायची, मूठ फक्त फटक्याच्या क्षणी आवळायची.

११ गुणांवर मिळणारी विश्रांतीची ६० सेकंदं लाइन कॉलवर (शटल आत की बाहेर) हुज्जत घालायला नाहीत. श्वास ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, पाच वेळा. अवघड मीटिंगच्या आधीही हेच करा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आपली होतात १२० (बाकावरच्या गप्पा यात धरू नयेत!), उरलेली चालून भरा. शनिवारी एकदम तीन तास खेळून भरपाई नको, पोटरी धरते. झोपायच्या तासभर आधी जोरात खेळलात तर झोप लागायला उशीर होऊ शकतो.