मणका वाजवून टाच बरी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मान झटक्यात फिरवली, ‘कट्’ असा आवाज आला आणि रुग्ण हसत उठून बसला, असे कायरोप्रॅक्टिकचे (मणके आणि सांधे हाताने झटका देऊन मोकळे करण्याच्या उपचाराचे) व्हिडिओ हल्ली मोबाईलवर रतीब घातल्यासारखे येतात. ते पाहून धावणारे, रॅकेट खेळणारे, जिममध्ये वजने उचलणारे लोक महिनोन् महिने अंगावर काढलेली दुखणी घेऊन ‘एकदा वाजवून द्या’ म्हणत दवाखान्यात येतात. अतिवापराची दुखापत अशी झटक्यात जात नाही. हे आम्हा कायरोप्रॅक्टरांनीच सांगितलेले बरे.

आधी त्या आवाजाविषयी. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम अलग झाले की आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोटांचे सांधे एमआरआयखाली ओढून पाहिले, तेव्हा ही पोकळी नेमकी आवाजाच्या क्षणी उमटलेली दिसली. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण २० मिनिटे जावी लागतात. ‘सरकलेले हाड जागेवर बसले’ या समजुतीला त्यात काही आधार नाही, कारण हाड मुळात हललेलेच नसते. आवाज न होताही आराम पडतो आणि दणदणीत आवाज होऊनही दुखणे तसेच राहू शकते.

मग बरे का वाटते? सांध्याला दिलेल्या जलद ताणामुळे त्या भागातून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश काही काळ मंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि हालचाल मोकळी होते. हा परिणाम बहुधा काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. कंबरदुखीत त्याचा उपयोग होतो, पण तो व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांच्या जवळपास, त्यांच्या फार पुढे नाही. खेळाडूच्या बाबतीत त्याची खरी किंमत एवढीच की, दुखणे उतरलेल्या त्या वेळात व्यायामाला हात घालता येतो. व्यायाम पुढे होणारच नसेल, तर पुढच्या आठवड्यात रुग्ण त्याच टेबलावर पुन्हा पालथा पडलेला असतो.

अतिवापराची दुखापत म्हणजे एखादी गोष्ट जागची हलणे नव्हे. तिथल्या ऊतींच्या तयारीपेक्षा त्यांच्यावर भार जास्त पडलेला असतो. दम आणि स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते; कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी) आणि हाड यांना महिने लागतात. म्हणून आजारातून उठल्यावर एकदम जुन्या अंतरावर जाणे, सपाट रस्ता सोडून चढावर धावणे, अचानक पातळ तळव्याचे बूट घेणे किंवा रॅकेटच्या तारा जास्त ताणून घेणे, असा काहीतरी बदल जवळपास प्रत्येक दुखण्याच्या थोडा आधी सापडतो. तो शोधण्यात पहिल्या भेटीतला बराच वेळ गेला पाहिजे. हात लावायची घाई करणारा उपचारक इथेच चुकतो.

पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेचे उदाहरण घेऊ. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंमी वर कंडरा जाडसर लागते, चिमटीत धरली की दुखते आणि सकाळची पहिली काही पावले आखडल्यासारखी पडतात. यावर १९९८ पासून प्रसिद्ध असलेला व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा वर उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५-१५चे तीन संच, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. हे दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा, १२ आठवडे. गुडघा वाकवायचा तो पोटरीच्या आतल्या, खोलवरच्या स्नायूवर भार यावा म्हणून. दुखेनासे झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत न्यायचे. रोज एवढे जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा जड वजनाने, अगदी संथपणे केलेला टाचा उचलण्याचा व्यायामही तितकाच गुणकारी ठरलेला आहे.

लोक कुठे चुकतात? एक तर दुखले की थांबतात. दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालते, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा आदल्या दिवसापेक्षा वाढलेला नसावा. वाढला असेल तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. दुसरे म्हणजे तिसऱ्या आठवड्यात बरे वाटले की थेट धावायला जातात. आणि तिसरी चूक उपचारकांचीही असते. दुखणे कंडरा जिथे टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच असेल, तर टाच पायरीखाली उतरवायची नसते. त्या स्थितीत कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणे चिघळते. अशा रुग्णाने व्यायाम सपाट जमिनीवर करावा आणि पोटरी ताणण्याचा सोसही सोडावा.

यात कायरोप्रॅक्टरच्या हाताला काम आहे का? आहे, घोट्यात. जुन्या मुरगळण्यानंतर घोटा पुढच्या बाजूला नीट वाकत नाही आणि तो भार मग कंडरेवर, नाहीतर गुडघ्यावर जातो. ही तपासणी घरीही होते. भिंतीकडे तोंड करून पाऊल जमिनीवर सपाट ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे घेत जा. गुडघा टेकतोय तोवर अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते मोजा. बऱ्याच जणांत हे अंतर १० सेंमीच्या आसपास भरते, पण महत्त्वाची आहे ती दोन पायांची तुलना. दोन सेंमीचा फरक असेल तर घोट्याचा सांधा हाताने मोकळा करून घेण्यात अर्थ आहे. लगेच पुन्हा मोजा. अंतर वाढले असेल तर उपचार लागू पडला. आवाज झाला की नाही, याला महत्त्व नाही.

टेनिस एल्बोत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते, मूठ आवळताना कळ येते. कोपराचा सांधा हाताने सरकवला की पकड तिथल्या तिथे कमी दुखते हे खरे, पण बरे करणारा भाग पुन्हा भाराचाच: पुढचा हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत हलके वजन, दुसऱ्या हाताने मनगट वर आणायचे आणि चार सेकंद मोजत खाली सोडायचे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा मोह आवरावा. पहिले काही आठवडे झकास जातात, पण वर्षभराने ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळलेली आहे.

काही दुखण्यांना मात्र झटका अजिबात द्यायचा नाही. नडगीच्या आतल्या कडेला चार बोटांच्या पट्टीत पसरलेले दुखणे आणि एका बोटाने दाखवता येणारा दुखरा बिंदू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात, त्यातही रात्री किंवा नुसते बसलेले असताना ठणकत असेल, तर हाडाला ताणाची सूक्ष्म चीर पडल्याचा संशय धरावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, म्हणून निर्धास्त राहू नये. एमआरआयमध्ये ती चीर आधी दिसते.

कुमारवयीन वेगवान गोलंदाजांच्या पालकांनी हे जास्त नीट वाचावे. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्या मुलाच्या कमरेत डाव्या बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीला चीर पडलेली असू शकते. बहुतेक वेळा कमरेच्या सगळ्यात खालच्या, पाचव्या मणक्याला. अशी कंबर पिळून वाजवणे हा गुन्हाच म्हणावा लागेल. त्याला गोलंदाजीपासून काही महिने विश्रांती लागते आणि तपासणीशिवाय ते कळत नाही.

मानेचे प्रकरण याहून नाजूक आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडून पक्षाघात होणे हे क्वचित घडते, पण घडते. शिवाय अशी चीर आधीच पडलेल्या माणसाला सुरुवातीला नुसती मान आणि डोके दुखल्याचेच जाणवते, म्हणून तो नेमका आमच्याकडे येतो. पूर्वी कधी न अनुभवलेली अचानक मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणे, जीभ अडखळणे, गिळताना त्रास, चेहरा बधिर होणे, चालताना तोल जाणे, यातले काहीही असेल तर मानेला हात लावू देऊ नका, सरळ रुग्णालय गाठा. उपचारानंतर असे झाले तरीही तेच; ‘विषारी द्रव्ये बाहेर पडताहेत’ वगैरे स्पष्टीकरणे ऐकत बसू नका. ठिसूळ हाडे, रक्त पातळ करणारी औषधे, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, संधिवाताने सैल पडलेली मान, कर्करोगाचा इतिहास, हे सगळे झटक्याच्या आधी सांगायचे असते, आणि ते विचारणे उपचारकाचे काम असते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा जांघेची, बैठकीची जागा बधिर झाली, तर तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असू शकते. तिथे एक तासही घालवू नये.

टेबलावर निजवून ‘तुमचा एक पाय आखूड आहे’ म्हणायचे आणि झटक्यानंतर दोन्ही सारखे करून दाखवायचे, हा खेळही ओळखून ठेवावा. निजलेल्या माणसाच्या टाचा पाहून पायांची लांबी भरवशाने ठरत नाही. बूट जरा ओढला तरी फरक दिसतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सरसकट एक्स-रे आणि आगाऊ पैशांचे वीस-तीस सिटिंगचे पॅकेज, हेही त्याच जातीचे. दुखणे कशामुळे सुरू झाले, या आठवड्यात किती धावायचे, कोणता व्यायाम किती वेळा करायचा आणि सुधारणा कशाने मोजायची, हे कागदावर लिहून मागा. चार ते सहा भेटींत त्या मोजमापात फरक दिसला नाही, तर निदान पुन्हा तपासायचे असते, सिटिंग वाढवायची नसतात.

आपला,
एक कायरोप्रॅक्टर
(नाव छापू नये, ही विनंती.)