स्पेनच्या बाजारात नुसते फोटो काढायला जाऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्पेन प्रवासावरचा लेख वाचला. फोटो मस्त होते, पण बाजारांच्या बाबतीत लेखकाने बार्सिलोनाचं ला बोकेरिया आणि माद्रिदचं सान मिगेल एवढी दोनच नावं देऊन विषय संपवला ते काही पटलं नाही. माझी मुलगी व्हॅलेन्सियाला असते, तिच्याकडे राहून रोजची भाजी मीच आणत होते, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

सान मिगेल दिसायला सुंदर आहे, १९१६ सालची लोखंडी इमारत, पण २००९ पासून ती सरळ खाऊगल्लीच झालीये, उभ्याउभ्या दोन घास खायचे आणि भरपूर पैसे मोजायचे. जा, हरकत नाही, पण पारंपरिक बाजार म्हणून नका जाऊ. बोकेरिया मात्र खरंच जुना, १२१७ पासून त्याचा उल्लेख सापडतो, पण तिथे टुरिस्टांनी एवढी गर्दी केली की २०१५ मध्ये पालिकेला नियम करावा लागला, शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी तीनपर्यंत मोठे टूर ग्रुप आत घ्यायचे नाहीत म्हणून. आता मासेवालीसमोर सगळे मोबाईल धरून उभे आणि घेणारा एखादाच, तर तिने काय करावं सांगा, मग कापलेल्या फळांचे आणि ज्यूसचे ग्लास विकायला लागतात लोक. बार्सिलोनात पालिकेचे चाळीसच्या आसपास बाजार आहेत हो! बोकेरियापासून चालत जाता येईल अशा अंतरावर सांता कातेरिना आहे, रंगीबेरंगी लाटांसारखं छप्पर असलेलं, तिथे बायका पिशव्या घेऊन खरंच बाजार करताना दिसतात.

पण माझं मन रमलं ते व्हॅलेन्सियाच्या मेर्कादो सेंत्रालमध्ये, म्हणजे मध्यवर्ती बाजारात. १९२८ ची इमारत, आठ हजार चौरस मीटरहून मोठी, वर घुमट, रंगीत काचा, आणि समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेढी, ला लोन्खा, जी १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे भाव पाटीवर लिहिलेला असतो, किलोचा, त्यामुळे घासाघीस नाही (आपल्या वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटात वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा फार चुकल्याचुकल्यासारखं होतं). टोमॅटो हाताने दाबून बघायचे नाहीत, दुकानदारच निवडून देतो. रांग दिसत नाही पण असते, गेल्यावर शेवटचं कोण ते विचारायचं आणि त्या माणसाच्या मागे आपला नंबर लक्षात ठेवायचा, म्हातारी माणसं तर नंबर घेऊन खुशाल बाजूला गप्पा मारत बसतात. आणि आपला भाजीवाला कोथमीर टाकतो ना पिशवीत फुकट, तसं तिथे ओळखीच्या गिऱ्हाइकाला पार्स्लीची काडी देतात, मला मिळाली तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू.

शाकाहारी लोकांनी घाबरून जाऊ नये. डुकराच्या तंगड्या वर टांगलेल्या असतात, चरबी गळून खाली पडू नये म्हणून खाली छोटी वाटी लावलेली, ते बघवत नसेल तर ती ओळ सोडून पुढे चला. ऑलिव्हचे दहा प्रकार, मांचेगो चीज, बदाम, ला माँचा भागातलं केशर (काड्याच घ्या, पूड नको), ओकच्या धुरावर सुकवलेल्या मिरचीची तिखट-गोड पूड, पाद्रोन गावच्या हिरव्या मिरच्या ज्यात बऱ्याच गोड आणि मधेच एखादी झणझणीत निघते. ओर्चाता नक्की प्या, चुफा नावाच्या छोट्या कंदाचं थंडगार पेय, दुधासारखं दिसतं पण दूध अजिबात नसतं. शंभर ग्रॅम मागितलं तरी कोणी तोंड वाकडं करत नाही, उलट घ्या आणि खा, मग फोटो काढा की, कोणी नाही म्हणत नाही.

आमच्या शेजारचे एक काका टूरबरोबर जाऊन आले. पंधरा मिनिटांचा स्टॉप, तोही संध्याकाळी. व्हॅलेन्सियाचा बाजार दुपारी तीनला बंद होतो आणि रविवारी उघडतच नाही! मासे बघायचे असतील तर सोमवारीही जाऊ नये, रविवारी बोटी बाहेर पडत नाहीत त्यामुळे ताजा माल नसतो. एवढी साधी गोष्ट टूरवाले सांगत नाहीत, निदान पुरवणीत तरी यायला हवी होती.

जाता जाता खंडेराव मार्केटचं नाव निघालंच आहे तर, १९०६ ची ती इमारत, पुढे पालिकेचं ऑफिस, मागे भाजी आणि फुलं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपण लक्ष्मी विलास राजवाडा दाखवतो, इथे आणतो का कधी? पुढच्या पुरवणीत तिच्यावर एक पान द्या, आणि स्पेनच्या बाजारांच्या वेळा एका चौकटीत छापल्यात तर या सुट्टीत निघणाऱ्यांना उपयोग होईल.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, वडोदरा