गोड वासावर एवढा राग का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. वातानुकूलित बसमध्ये शेजारी बसलेल्या पोराच्या ‘चॉकलेट-कॉफीच्या सेंट’नं कोल्हापूर ते पुणे त्यांचं डोकं उठलं. तक्रार रास्त आहे. काचा बंद, एसी चालू आणि असा दाट गोड वास. अर्धशिशीवाल्याचे तर हालच. पण पुढे ते लिहितात की असले वास ‘बायकी आणि पोरकट’, पुरुषानं लावावं तर चंदन नाहीतर खस, आणि साठीनंतर काहीच लावू नये. मी साठी ओलांडली आहे, पुरुष आहे आणि कॉफीच्या वासाचं सेंट लावतो. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

माझी बाटली लताफा या दुबईकडच्या कंपनीची, ‘खमरा कहवा’. पुतण्या तिकडे नोकरीला आहे, त्यानं आणली. लावल्या लावल्या दालचिनी, वेलची आणि आलं नाकात शिरतं. जरा वेळानं ते निवलं की भाजलेली कॉफी वर येते, सोबत साखरेत घोळवलेल्या सुक्या मेव्याचा गोडवा. दुसऱ्या दिवशी धुवायला टाकलेल्या बनियनला नुसता व्हॅनिला उरलेला असतो. आमच्या घरी कॉफी म्हणजे वेलची-जायफळ घातलेली, दाट दुधाची. लग्नघरात रात्रीच्या जागरणाला मिळायची ती. फिल्टर कॉफीचं कौतुक आम्हाला फार नंतर कळलं. त्यामुळे हा वास मला तरी परका वाटला नाही. पहिल्यांदा लावून रंकाळ्यावर फिरायला गेलो तेव्हा आमच्या मंडळींतला एकजण म्हणाला, ‘‘आण्णा, कॉफी कुठं उतू गेली काय?’’ दुसरा म्हणाला, ‘‘गप रे, आता भूक लागली मला.’’ बायकी कुणी म्हणालं नाही. तालमीतले जुने गडी आहेत, म्हणायचं असतं तर तोंडावर म्हणाले असते.

आता ‘पुरुषी’ वासाचं. आमच्या वडिलांच्या पिढीत लग्नाला निघालेला माणूस कानात अत्तराचा फाया खोचल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस, एरवी मोगरा, केवडा, गुलाब. फेटा, मिशा आणि कानात गुलाब, यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. निळ्या बाटलीतला तो थंडगार दाढीच्या साबणाचा वास तेवढा मर्दाचा, ही समजूत जाहिरातींनी आपल्या गळी उतरवली. खुद्द फ्रान्समध्येही हिशेब वेगळाच आहे. गोडाधोडाच्या वासांची लाट आली ती १९९२ साली, म्यूग्लर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या ‘एंजेल’ सेंटबरोबर. सेंट घडवणारे ऑलिव्हिये क्रेस्प यांनी त्यात जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’चा गोडवा आणि भरपूर पॅचुली, म्हणजे एका झाडाच्या पानांचा मातकट वास, एकत्र आणली. ते बायकांसाठी होतं, कबूल. पण १९९६ साली त्याच कंपनीनं पुरुषांसाठी ‘ए मेन’ काढलं आणि कॉफी घातली ती यात. बायकांचं गाजलेलं कॉफीवालं ‘ब्लॅक ओपियम’ बाजारात आलं २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. तेव्हा कॉफीचा वास बायकी कसा, हे पत्रलेखकांनीच सांगावं.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत गेली, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो. रस निघाला की उरतं ते बगॅस. ते बहुतेक बॉयलरमध्ये जळतं. पण त्याच बगॅसवर आम्ल घालून वाफ सोडली की फरफ्युरल नावाचं, बदामासारख्या वासाचं द्रव्य निघतं. जगात ते मुख्यतः बगॅस आणि मक्याची बुरकुंडं यांपासूनच काढतात. या फरफ्युरलपासून पुढे गंधक असलेलं फरफ्युरिल मर्कॅप्टन तयार करता येतं, आणि भाजलेल्या कॉफीच्या वासाचा कणा म्हणजे तेच. १९२० च्या दशकात श्टाउडिंगर आणि राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी कॉफीचा वास उलगडताना ते ओळखलं. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, पण कॉफीसाठी नव्हे. ‘एंजेल’मधला तो जत्रेतला गोडवा एथिल माल्टॉल नावाच्या द्रव्याचा, तेही फरफ्युरलपासून बनवता येतं. उरलं अल्कोहोल, बाटलीत सर्वांत जास्त तेच असतं, आणि ते मळीपासून निघतं हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पत्रलेखकांच्या शेतात ऊस उभा असला तर या सेंटशी त्यांची भाऊबंदकी निघते. शिवाय गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असला की आपण गाडी बाजूला घेऊन उभे राहतो. तोच गोडवा शर्टाला आला की पोरकट?

(डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा वास वर्षानुवर्षं गावंच्या गावं सोसतात. त्यावर कुणी एवढ्या तळमळीनं पत्र लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.)

बसमध्ये काय झालं असेल ते मात्र मला चांगलं कळतं. फरफ्युरिल मर्कॅप्टन शुद्ध असलं तर शेजारी उभं राहवत नाही, इतका जळका गंधकी दर्प. तेच पाण्यात अब्जात एका भागाहूनही कितीतरी कमी असलं की नाक म्हणतं, वा, कॉफी. व्हॅनिलीनची, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या द्रव्याची, तऱ्हा वेगळी. १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइनच्या रसातल्या द्रव्यापासून बनवलं तेव्हापासून स्वस्त झालं, पण ते उडायला सावकाश. लिंबू-संत्र्याचे वास तासाभरात गायब होतात, हे रात्रीपर्यंत बसून राहतं. त्यात लावणाऱ्याचं नाक थोड्याच वेळात सरावतं. त्याला वाटतं वास गेला, तो पुन्हा फवारतो. शेजारच्याला मात्र सगळे थर मिळून एकदम येतात.

म्हणून मी एकच फवारा मारतो, छातीवर, बनियनच्या आत. पांढऱ्या शर्टावर कधीच नाही. व्हॅनिलीननं कालांतरानं तपकिरी डाग पडतो आणि सौ.ची बोलणी खावी लागतात. चैत्र-वैशाखात बाटली कपाटात. दवाखान्यात, बसमध्ये, आजाऱ्याला भेटायला जाताना काही नाही. आषाढातल्या झडीत मात्र हा वास असा काही खुलतो की विचारू नका. सौ.नी एकदा विचारलं, एकादशीला चालतं का? म्हटलं, उपासाला कॉफी चालते, मग वासानं काय घोडं मारलंय?

त्या पोराला ‘बाळा, एकच फवारा पुरे, तुझं नाक सरावलंय’ एवढं शेजारी बसल्या बसल्या सांगता आलं असतं. दहा फवारे चंदनाचे असते तरी डोकं उठलंच असतं. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नाकाच्या या सरावाबद्दल लिहून घ्यावं, ही विनंती. कॉलेजच्या पोरांना त्याची गरज आहे, आणि लग्नाच्या हॉलमध्ये भेटणाऱ्या आमच्या वयाच्या काहींनाही.

आपला,
एक निवृत्त शुगर केमिस्ट,
राजारामपुरी, कोल्हापूर
(सूनबाईंच्या आग्रहावरून नाव छापू नये.)